झायलिटॉल घालून केलेले लाडू आईला द्यावेत का?

केळफूल
मंडळी, मदत हवी आहे. आईचं वय एकाहत्तर. डायबेटिस जुना आहे, पण गोळ्यांवर आटोक्यात आहे. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट आहे, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळीही रोज चालू असते. गोडाची आवड मात्र तशीच आहे, आणि दिवाळीत सगळे फराळ करत असताना तिने नुसता चिवडा खायचा हे मला बघवत नाही.

भावाने ऑनलाइन एक किलो झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायची गोड भुकटी, मागवलंय. पाकिटावर 'नैसर्गिक', 'झाडापासून', 'मधुमेहींसाठी योग्य' असं बरंच काही लिहिलंय. आई खूश आहे. पण मी मध्ये कुठेतरी वाचलं की ते हृदयाला चांगलं नाही. मैत्रीण म्हणते, तिच्या डेंटिस्टने तर आवर्जून घ्यायला सांगितलंय. खरं काय? बेसनाचे लाडू यात होतात का? आणि मुख्य म्हणजे, आईला ते द्यावेत का?

नाशिकची_सून
करून बघितलेत, म्हणून सांगते. बेसनाचे लाडू होतात. झायलिटॉल मिक्सरमधून बारीक करून पिठीसाखरेसारखं वापरायचं. गोडी साखरेइतकीच असते, त्यामुळे प्रमाण बदलावं लागत नाही. स्टीव्हियाचा जो मागून येणारा कडवटपणा असतो, तो याला अजिबात नाही.

पण एक आहे, जिभेला गार लागतं. लाडू तोंडात विरघळायला लागला की पेपरमिंट खाल्ल्यासारखा गारवा येतो. वेलची जास्त घातली तर तो थोडा झाकतो. गरम शिऱ्यात घातलं तेव्हा तर फार विचित्र वाटलं, घास गरम आणि चव थंड.

पाकाच्या वाटेला मात्र जाऊ नका. रव्याच्या लाडवांसाठी एकतारी पाक करायला गेले. उकळतंय, आटतंय, पण बोटांमध्ये तार काही धरेना. शेवटी तसाच रव्यावर ओतला, तर मिश्रण आधी सैल आणि दुसऱ्या दिवशी खडे धरलेलं. चिक्कीचा तर विचारही नको, कारण हे साखरेसारखं लालसर होतच नाही.

रसायनी
वर @नाशिकची_सून यांनी जे अनुभवलं त्यामागची कारणं सांगतो, कारण पुढच्या चर्चेलाही ती लागतील.

झायलिटॉल ही रसायनशास्त्राच्या भाषेत शर्करा-अल्कोहोल, म्हणजे पॉलिओल. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी संबंध नाही. पाण्यात विरघळताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं, म्हणून तोंड गार पडतं. त्याच्या रेणूत साखरेतला तो गट नाही ज्यामुळे पदार्थ तपकिरी होतो, म्हणून खरपूसपणा येत नाही. यीस्टलाही ते पचत नाही, त्यामुळे पाव किंवा नानच्या कणकेत साखरेऐवजी घातलं तर पीठ फुगायला साखरेसारखी मदत होणार नाही.

ऊर्जा ग्रॅमला २.४ कॅलरी, साखरेची ४. म्हणजे कॅलरी शून्य नाहीत, हे लक्षात ठेवा. रक्तातली साखर मात्र फारच कमी वाढते, कारण ते आतड्यातून हळूहळू आणि अर्धवटच शोषलं जातं आणि त्याच्या पचनाला इन्सुलिनची फारशी गरज लागत नाही.

'झाडापासून' हे खरंही आहे आणि दिशाभूल करणारंही. बर्च झाडाच्या लाकडात किंवा मक्याच्या दाणे काढलेल्या कणसात झायलान नावाचा पदार्थ असतो. तो आम्लाने तोडून झायलोज काढतात आणि निकेलच्या उत्प्रेरकावर हायड्रोजनचा मारा करून झायलिटॉल बनवतात. हा सरळसरळ कारखान्यातला माल आहे. त्यात वाईट काही नाही, पण मधासारखा तो कोणी झाडावरून काढून आणत नाही.

सडेतोड
एवढे उपद्व्याप कशाला? आपला गूळ काय वाईट आहे? आजी-पणजी गुळाचे लाडू खाऊन नव्वदी गाठायच्या. परदेशातली भुकटी आणायची आणि मग तिचे दुष्परिणाम शोधत बसायचं!

दंतकथा
@सडेतोड, गुळाबद्दल प्रेम मलाही आहे, पण हा सल्ला एका मधुमेही बाईंसाठी मागितला आहे. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं. थोडं लोह, थोडी खनिजं जास्त, पण रक्तातली साखर वाढवण्यात तो साखरेच्या मागे नाही. 'गूळ चालतो' या समजुतीपायी साखर तीनशेवर गेलेले लोक मी माझ्या खुर्चीत बघते, हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे. कृपया हे कोणाला सांगू नका.

मी डेंटिस्ट आहे, त्यामुळे दातांपुरतं अधिकाराने बोलते. दात किडवणारा मुख्य जीवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. तो साखर खातो आणि आम्ल सोडतो. झायलिटॉल तो आत ओढून घेतो, त्यावर स्वतःची ऊर्जा खर्च करतो, पण त्यातून त्याला काहीच मिळत नाही आणि आम्लही तयार होत नाही. शिवाय चघळल्यामुळे लाळ वाढते, आणि लाळ हेच दातांचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

आता प्रमाण. दातांसाठी दिवसाला साधारण पाच-सहा ग्रॅम, तेही तीन-चार वेळा विभागून, जेवणानंतर. त्याहून जास्त घेतल्याने दात आणखी चांगले होत नाहीत. आणि फ्लोराइडच्या टूथपेस्टची जागा ते घेऊ शकत नाही. मोठ्या माणसांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, रोज पाच ग्रॅमच्या गोळ्या देऊन. त्यात एकूण किडीत ठळक फरक दिसला नाही, मुळांवरच्या किडीत मात्र दिसला. म्हणून मी पेशंटला 'जोडीला घ्या' म्हणते, 'यावर विसंबा' म्हणत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या डेंटिस्टने जे सांगितलं ते च्युइंगमबद्दल असणार, लाडवांबद्दल नाही.

उत्तरध्रुवी
फिनलंडमधून लिहितोय, एस्पोमध्ये राहतो. इथे झायलिटॉल म्हणजे घराघरातली गोष्ट आहे. मुलगी पाळणाघरात जायला लागली तेव्हा जेवण झाल्यावर सगळ्या पोरांच्या तळहातावर एकेक छोटी गोळी ठेवताना पाहिलं आणि मला आधी वाटलं औषध देतायत की काय. घरी पाहुणे आले तरी जेवणानंतर डबी पुढे होते, आपल्याकडे बडीशेप होते तशी.

याची सुरुवात इथल्याच तुर्कू विद्यापीठात झाली. शाइनिन आणि मॅकिनेन यांनी सत्तरच्या दशकात लोकांचे तीन गट केले. एका गटाला साखर, एकाला फ्रुक्टोज आणि एकाला सगळ्या खाण्यात साखरेऐवजी झायलिटॉल, असं दोन वर्षं चाललं. झायलिटॉलच्या गटात नवी कीड जवळजवळ झालीच नाही. निष्कर्ष १९७५ साली आले आणि त्याच वर्षी इथे झायलिटॉलचं पहिलं च्युइंगम बाजारात आलं. आजही इथली शिफारस दिवसाला पाच ग्रॅमची आहे, @दंतकथा म्हणतात तीच.

माझा मुद्दा असा की इथे दोन पिढ्या हे खातायत. इतकं घातक असतं तर एव्हाना दिसलं नसतं का?

मोतीचे_बाबा
विषय माणसांचा चाललाय, पण हे आत्ताच लिहिणं गरजेचं आहे. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल कुलूपबंद ठेवा.

आमच्या लॅब्राडॉरने पाहुण्यांच्या पर्समधून च्युइंगमचं पाकीट काढून कागदासकट फस्त केलं. अर्ध्या तासात उलटी, मग मागचे पाय लटपटायला लागले आणि तो भिंतीला टेकून बसला. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली तर खूप खाली गेलेली. लगेच ग्लुकोज लावलं, रात्रभर सलाईनवर ठेवलं, नंतर यकृताच्या तपासण्या. वाचला.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: माणसाच्या शरीरात झायलिटॉलने इन्सुलिन फारसं वाढत नाही, पण कुत्र्याच्या स्वादुपिंडाला ते ग्लुकोज वाटतं आणि इन्सुलिनचा लोंढा सुटतो. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही धोक्याचं आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम, एखाद-दोन च्युइंगम. किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. लाडवातला एक तुकडा खाली पडला आणि कुत्र्याने उचलला, तरी थेट दवाखाना गाठा. घरी मिठाचं पाणी वगैरे पाजत बसू नका.

सांजवात
बापरे. आमच्या ब्रुनोला सगळे लाडाने लाडू भरवतात. आज रात्रीच घरच्या ग्रुपवर टाकते. धन्यवाद @मोतीचे_बाबा, आणि मोतीला एक पापा.

अर्धाकप
पोटाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. मला आयबीएस, म्हणजे आतडं लगेच बिघडण्याचा जुना त्रास, आहे. पुण्यातल्या एका लग्नात 'शुगर फ्री' मिठाईचा वेगळा कोपरा होता, तिथून चार तुकडे मनापासून खाल्ले. वरात निघाली तेव्हा मी कुठे होतो ते विचारू नका.

न शोषलेलं पॉलिओल मोठ्या आतड्यात जातं, तिथे पाणी ओढून घेतं आणि जीवाणू ते आंबवून वायू करतात. निरोगी माणसालाही एका वेळी वीस-तीस ग्रॅमच्या पुढे त्रास होऊ शकतो, सवय नसेल तर आधीच. लहान मुलांना त्याहून कमी पुरतं. @केळफूल, आई मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेत असतील तर जास्त जपा, त्या गोळीनेही अनेकांचं पोट बिघडतं.

घाटावरचा
भावा, मग ह्याचं बद्धकोष्ठावर औषध म्हणून मार्केटिंग करायला पाहिजे की! एका भुकटीत दात पण साफ, पोट पण साफ 😀

विदा_आणि_वाद
@केळफूल यांनी हृदयाचा प्रश्न विचारला होता, त्यावर येतो. त्यांनी वाचलं ते बहुधा जून २०२४ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आलेलं संशोधन. क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाचं. याच गटाने २०२३ मध्ये एरिथ्रिटॉल या दुसऱ्या पॉलिओलबद्दलही असंच काम प्रसिद्ध केलं होतं.

त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत.

पहिला भाग: हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातलं झायलिटॉल मोजलं आणि पुढची तीन वर्षं कोणाला हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू आला ते बघितलं. ज्यांच्या रक्तात सर्वाधिक होतं त्या एक-तृतीयांश लोकांत धोका ५७ टक्के जास्त निघाला. बातम्यांचे मथळे यावरून झाले. पण हे रक्त बहुतेक उपाशीपोटी घेतलेलं होतं, आणि खाल्लेलं झायलिटॉल काही तासांत रक्तातून निघून जातं. आपलं शरीर स्वतःही ग्लुकोजपासून थोडं झायलिटॉल बनवतं. म्हणजे त्या लोकांनी ते खाल्लं होतं, की त्यांची चयापचय आधीच बिघडलेली असल्यामुळे शरीरातच जास्त तयार होत होतं, हे यावरून कळत नाही. खाण्याची नोंदच नव्हती.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दहा निरोगी माणसांना पाण्यातून ३० ग्रॅम झायलिटॉल दिलं. अर्ध्या तासात रक्तातलं प्रमाण सुमारे हजारपट झालं आणि प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी करणाऱ्या पेशी, जास्त चटकन प्रतिसाद द्यायला लागल्या. काही तासांत रक्तातलं प्रमाण पूर्ववत. माणसं दहाच होती, आणि प्लेटलेट्स उत्तेजित झाल्या म्हणजे झटका येतोच असं नाही. पण हा परिणाम थेट मोजलेला आहे, अंदाज नाही.

@उत्तरध्रुवी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. फिनलंडमध्ये लोक पाच ग्रॅम खातात, तेही दिवसभरात विभागून. ३० ग्रॅम एकदम पिणं ही निराळी गोष्ट आहे.

उत्तरध्रुवी
मान्य. पण तुर्कूच्या लोकांनी दोन वर्षं सगळी साखर बदलून झायलिटॉल खाल्लं होतं, ते पाच ग्रॅम नव्हतं.

विदा_आणि_वाद
बरोबर, पण त्यातले बहुतेक तरुण आणि धडधाकट होते, आणि अभ्यास दातांचा होता. सव्वाशेच्या आसपास तरुण माणसांमध्ये दोन वर्षांत हृदयविकार दिसला नाही, यावरून स्टेंट असलेल्या सत्तरीतल्या बाईंबद्दल आपण काही म्हणू शकत नाही.

सडेतोड
थोडक्यात, साखरेने मरा नाहीतर भुकटीने.

हिशेबी
नाही हो @सडेतोड, थोडक्यात नको, ग्रॅममध्ये बघू. मी लाडवांचाच हिशेब मांडतो.

अर्धा किलो बेसन, तीनशे ग्रॅम तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर. मध्यम आकाराचे तीस लाडू. एका लाडवात साधारण १७ ग्रॅम बेसन, १० ग्रॅम तूप, १३ ग्रॅम साखर.

१) साखरेच्या जागी झायलिटॉल घातलं तर एका लाडवात १३ ग्रॅम. दोन लाडू म्हणजे २६. म्हणजे त्या प्रयोगातल्या ३० ग्रॅमच्या अगदी जवळ, आणि @अर्धाकप यांच्या पोटाच्या मर्यादेतही मधोमध. दिवाळीत दोन लाडू कोणीही सहज खातं.

२) कॅलरी: साखरेचा लाडू अंदाजे २००, झायलिटॉलचा अंदाजे १८०. वाचल्या वीस. बाकीचं तूप आणि बेसन तसंच आहे. वजनासाठी कोणी हे करत असेल तर हाती फारसं काही लागत नाही.

३) रक्तातल्या साखरेपुरता फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण 'शुगर फ्री आहे, घे गं अजून एक' हे वाक्य प्रत्येक घरात येतं, आणि तिथे तो फायदा संपतो.

नाशिकची_सून
तिसरा मुद्दा शंभर टक्के! सासरे साखरेचा एक लाडू अपराधी चेहऱ्याने अर्धा करून खायचे. झायलिटॉलचे केले त्या वर्षी डबा समोर घेऊनच बसले.

सांजवात
मग बाकीच्या गोडव्यांचं काय? सुक्रालोज, स्टीव्हिया? जागतिक आरोग्य संघटनेने नको म्हटलंय ना?

विदा_आणि_वाद
मे २०२३ ची ती शिफारस वजन कमी करण्यासाठी साखरविरहित गोडवे वापरू नका अशी होती. त्यातून आधीच मधुमेह असलेल्या लोकांना वगळलं होतं, आणि पॉलिओल तर त्यात धरलेच नव्हते. त्यामुळे या धाग्यातल्या प्रश्नाला ती लागू होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध.

रसायनी
खरेदी करणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय त्याकडे दुर्लक्ष करा, मागची घटकांची यादी वाचा. जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. आकडे लक्षात ठेवा: ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. कित्येक च्युइंगमवर 'झायलिटॉल' मोठ्या अक्षरात असतं आणि यादीत सॉर्बिटॉल पहिलं, ९६७ कुठेतरी शेवटी. 'शुगर फ्री' चॉकलेटमध्ये बहुधा माल्टिटॉल असतं, आणि त्याने रक्तातली साखर झायलिटॉलपेक्षा बरीच जास्त वाढते.

केळफूल
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. @हिशेबी यांचा हिशेब भावाला वाचून दाखवला. तो म्हणतो, मग एक किलोचं काय करू?

आईच्या हृदयाच्या डॉक्टरांशी आज फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं असं, की स्टेंट असलेल्या माणसाने एका वेळी इतकं झायलिटॉल घेणं सुरक्षित आहे असं त्यांना आज सांगता येणार नाही, म्हणून त्यांनी नको म्हटलं. च्युइंगममधल्या ग्रॅम-दोन ग्रॅमला त्यांची हरकत नाही. साखरेचा लाडू लिंबाएवढा छोटा वळा, जेवणाच्या शेवटी एकच द्या, त्या जेवणात एक पोळी कमी करा आणि दोन तासांनी साखर तपासा, असं सांगितलं. आई ऐकून म्हणाली, 'एक पण खरा द्या.'

हिशेबी
आईंचा निर्णय मला पटला. लिंबाएवढ्या लाडवात साखर सहा-सात ग्रॅमच्या आसपास येईल. आणि चारशेऐवजी तीनशे ग्रॅम घालून बघा, बेसन खमंग भाजलं असेल तर गोडी कमी पडत नाही.

सडेतोड
@दंतकथा, गुळाबद्दल तुम्ही लिहिलंत ते घरी बायकोला दाखवलं. तिची साखर सीमारेषेवर आहे आणि चहात गूळ चालू होता. बंद केला.

दंतकथा
फार बरं वाटलं वाचून. त्यांच्या हिरड्याही एकदा दाखवून घ्या, वाढलेली साखर आणि हिरड्यांचं दुखणं एकमेकांशी जोडलेलं असतं.

केळफूल
अजून एकच शंका. आईला खाली कवळी आहे, वर स्वतःचे सात-आठ दात आहेत आणि तोंड सारखं कोरडं पडतं. च्युइंगम कवळीला चिकटतं. मग दातांसाठी झायलिटॉल घ्यायचं कसं?

दंतकथा
चघळायचं नाही, चोखायच्या गोळ्या मिळतात त्या घ्या. एकेक गोळी गालात धरून विरघळू द्यायची, जेवणानंतर, दिवसात तीन-चार वेळा. कोरड्या तोंडासाठीही त्याचा उपयोग होतो, कारण लाळ सुटते. गोळीत किती ग्रॅम आहे ते पाकिटावर बघा आणि दिवसाची बेरीज पाच-सहाच्या पुढे जाऊ देऊ नका. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, आणि वरच्या दातांना झोपण्यापूर्वी फ्लोराइडची पेस्ट. पेस्ट थुंकायची, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही.